गाडीपुढचे लोखंड आणि रस्त्यावरून चालणारी माणसे

पाडव्याला किंवा दसऱ्याला नवी गाडी दारात आली, की आमच्या सांगलीत तिला हार घातला जातो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, गल्लीत पेढे वाटले जातात आणि पुढच्या आठ-पंधरा दिवसांत ती गाडी शंभर फुटी रस्त्यावरच्या एखाद्या ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर उभी दिसते. सीट कव्हर, पायाखालचे मॅट, म्युझिक सिस्टीम यांविषयी माझे काहीच म्हणणे नाही; तो ज्याच्या त्याच्या हौसेचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे. गाडीच्या पुढच्या बाजूला जे बसवले जाते, म्हणजे जाड पाइपचा गार्ड किंवा बुलबार, बंपरवरची एलईडीची पट्टी, जादा हॅलोजन, बॉनेटवर उभी केलेली झेंड्याची दांडी, त्याविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. या वस्तूंचे पैसे एक जण मोजतो आणि त्यांचा मार रस्त्यावरचा दुसराच कोणी तरी खातो, ज्याला त्या खरेदीबद्दल कोणी विचारलेलेही नसते.

गार्ड बसवणाऱ्या माणसाच्या मनात वाईट काही नसते, हे आधीच सांगतो. आमच्या शेजारी आबा राहतात. त्यांची तासगावच्या बाजूला द्राक्षबाग आहे आणि छाटणीनंतरच्या दिवसांत फवारणीसाठी त्यांना भल्या पहाटे बागेकडे जावे लागते. वाटेत कधी मोकाट कुत्री आडवी येतात, कधी म्हशी, कधी रानडुक्कर. “सर, पुढं लोखंड असलं म्हणजे मनाला धीर असतो,” असे ते मला म्हणाले आणि त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. कर्ज काढून घेतलेल्या गाडीचा बंपर पहिल्याच महिन्यात मारुती चौकातल्या गर्दीत खरवडला जावा, असे कोणालाच वाटत नाही. प्रश्न एवढाच आहे, की या लोखंडाने मिळणारा धीर कितपत खरा आहे आणि त्यासाठी इतरांना काय सोसावे लागते.

जुन्या ॲम्बॅसेडरचा लोखंडी बंपर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आताचा प्लास्टिकचा बंपर तकलादू वाटतो, आणि “आताच्या पत्र्यात दम राहिला नाही” हे वाक्य आपल्याकडे गॅरेजपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सर्रास ऐकू येते. खरे पाहता हा मऊपणा विचारपूर्वक आणलेला आहे. वरच्या प्लास्टिकच्या आवरणामागे फोमचा किंवा दाबला जाणाऱ्या प्लास्टिकचा थर असतो, त्याच्या मागे आडवी धातूची तुळई, आणि तिच्या मागे ठरवून चुरगळणारे भाग. बॉनेटचा पत्रा पातळ ठेवलेला असतो आणि पत्रा व इंजिनाचे कठीण भाग यांच्यात शक्य तेवढी मोकळी जागा सोडलेली असते, म्हणजे वरून काही आपटले तर पत्र्याला आत जायला वाव राहतो. काही महागड्या मोटारींमध्ये तर माणूस धडकल्याचे कळताच बॉनेटची मागची बाजू आपोआप वर उचलली जाते, ती याच जागेसाठी.

मोटार पायी चालणाऱ्या प्रौढ माणसाला धडकते तेव्हा प्रथम बंपर गुडघ्याच्या आसपास लागतो, पाय पुढे ढकलले जातात, कमरेच्या वरचे शरीर बॉनेटवर आडवे होते आणि शेवटी डोके बॉनेटच्या मागच्या भागावर किंवा समोरच्या काचेवर आपटते. हे सारे पापणी लवते न लवते तोच घडून जाते. त्या क्षणी माणूस वाचतो की नाही, हे बऱ्याच अंशी त्याचे डोके किती अंतरात थांबते यावर ठरते. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि हे गणित अकरावीच्या मुलांना करता येते. ताशी ३५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १० मीटर. या वेगाने येणारे डोके पत्रा आत गेल्यामुळे ७ सेंटीमीटर अंतरात थांबले, तर त्याला गुरुत्वीय त्वरणाच्या सरासरी ७० पट झटका बसतो. तेच डोके १ सेंटीमीटरमध्ये थांबवले, तर हा आकडा सुमारे ४८० पटींवर जातो. वेग तोच, वजन तेच, माणूस तोच. फरक फक्त ६ सेंटीमीटरचा. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे घ्यायला आपण मुलांना शिकवतो, त्यामागचे कारणही हेच आहे.

हे गणित वाहन बनवणाऱ्यांच्या मर्जीवर सोडलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २००८ साली पादचारी सुरक्षेचा जागतिक तांत्रिक नियम ठरला. त्यानुसार प्रौढाच्या डोक्याची ४.५ किलो वजनाची आणि लहान मुलाच्या डोक्याची ३.५ किलो वजनाची प्रतिकृती ताशी ३५ किलोमीटर वेगाने बॉनेटवर ठिकठिकाणी आदळली जाते, पायाची प्रतिकृती ताशी ४० किलोमीटर वेगाने बंपरवर आदळली जाते, आणि डोक्याला व गुडघ्याला होणारी इजा ठरलेल्या मर्यादेच्या आत राहते की नाही हे मोजले जाते. आपल्याकडचे एआयएस-१०० हे मानक त्याच धर्तीवर आहे आणि मागच्या दशकाच्या शेवटी शेवटी ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. म्हणजे आज शोरूममधून जी नवी मोटार बाहेर पडते, तिच्या नाकाचा उतार, बंपरमागचा फोम, पत्र्याखालची पोकळी यांवर अभियंत्यांनी बराच काळ घालवलेला असतो, आणि तो काळ आपल्यासारख्या रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या अनोळखी माणसासाठी घालवलेला असतो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गाडी विकत घेणाऱ्याला तिचा काहीच उपयोग नाही, जाहिरातीतही ती फारशी सांगितली जात नाही, तरीही ती गाडीत असते.

आणि मग शंभर फुटी रस्त्यावर तासाभरात तिच्यापुढे पाइप बसतो.

आबांच्या गाडीचा गार्ड मी अगदी जवळून, वाकून पाहिला. मनगटाएवढा जाड पाइप, त्यावर क्रोमचा मुलामा, सांध्यावर घासून गुळगुळीत केलेली वेल्डिंगची रेघ. वरून पाहणाऱ्याला वाटते, की तो बंपरवर टेकवलेला असावा. प्रत्यक्षात बंपरच्या खालून जाड पट्टीचे दोन ब्रॅकेट मागे जातात आणि थेट चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, बोल्टने आवळलेले असतात. बॉनेटच्या मध्यभागी तळहाताने जोर दिला, तर पत्रा किंचित आत गेला आणि हात काढताच वर आला. गार्डवर अंगाचा सगळा भार टाकून रेटले तेव्हा पाइप तसूभरही दबला नाही. हलली ती अख्खी गाडी, तिच्या स्प्रिंगवर. फोम, तुळई, चुरगळणारे भाग या सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिलेली ही वस्तू आहे, आणि त्यामुळे धडकणाऱ्या माणसाची गाठ त्या सगळ्यांशी पडतच नाही, ती पडते दीड-दोन टन वजनाच्या गाडीच्या चासीशी. शिवाय सपाट बंपर धक्का रुंद भागावर पसरवतो, तर पाइप तोच धक्का शरीरावरच्या एका अरुंद पट्टीवर देतो. मांडीचे हाड, कमरेचे हाड, बरगड्या, पोटातले अवयव यांना हा फरक फार जाणवतो.

नंतर आम्ही टेप लावली. वरचा आडवा पाइप जमिनीपासून ९५ सेंटीमीटरवर होता. आबांची नात दुसरीत आहे. ती आम्ही काय करतो आहोत ते पाहायला गाडीपुढे येऊन उभी राहिली होती आणि पाइप बरोबर तिच्या गळ्याशी येत होता. प्रौढ माणसाला जो पाइप कमरेवर लागतो, तो या वयाच्या मुलाला गळ्यावर, हनुवटीवर किंवा छातीवर लागणार, आणि बॉनेटवर लोळून वेग कमी होण्याची संधी त्या मुलाला मिळणारच नाही. “अहो सर, गाडी काय मी पोरांच्या अंगावर घालणार हाय व्हय?” आबा म्हणाले. नाहीच घालणार. आजवर ज्यांच्या गाड्यांखाली मुले आली त्यांतल्याही बहुतेकांनी ती घातलेली नव्हती. आईस्क्रीमच्या गाडीकडे धावणारे मूल, उभ्या एसटीच्या पुढून रस्ता ओलांडणारे मूल चालकाला शेवटच्या क्षणी दिसते, तो जिवाच्या आकांताने ब्रेक दाबतो, आणि ताशी ५० चा वेग ३० वर येतो. त्या उरलेल्या ३० च्या वेगाला पुढे मऊ बंपर आहे की पाइप आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. चांगल्या चालकाच्या कौशल्याने जे वाचवायचे, ते पाइप घालवतो, म्हणून माझा त्यावर एवढा राग आहे.

पुढची बाजू जितकी उंच आणि उभी, तितका पादचाऱ्याला धोका अधिक, हे आता मोजूनही सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ साली पादचाऱ्यांच्या जवळपास १८,००० अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या वाहनांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांपेक्षा उंच होती, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या मोटारींपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. तो अभ्यास गाड्यांच्या मूळ आकाराविषयी होता, गार्डविषयी नव्हता. पण बेताच्या उंचीच्या मोटारीपुढे उभा, उंच पाइप लावणे म्हणजे तिला त्याच वाईट आकाराच्या दिशेने नेणे आहे.

बुलबारच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिथे ओसाड भागातल्या रस्त्यांवर रात्री कांगारू आडवे येतात, गाव शंभर-दोनशे किलोमीटरवर असते, रेडिएटर फुटला तर माणूस अडकून पडतो, त्यामुळे तिथे बुलबार सर्रास लावतात. हे खरे आहे. पण त्याच ऑस्ट्रेलियात, ॲडलेड विद्यापीठाच्या वाहन सुरक्षा संशोधन केंद्राने निरनिराळ्या बुलबारवर डोक्याच्या आणि पायाच्या प्रतिकृती आदळून पाहिल्या, तेव्हा पोलादी बार सर्वांत घातक ठरले, ॲल्युमिनियमचे त्याखालोखाल, आणि प्लास्टिकसारख्या पॉलिमरचे सर्वांत कमी घातक. युरोपीय संघाने २००५ मध्ये स्वतंत्र निर्देश काढून अशा पुढच्या संरक्षक चौकटींना पादचाऱ्यांच्या चाचण्या बंधनकारक केल्या, आणि ताठ पोलादी बारची सद्दी तिथे संपली. आपल्याकडे दुकानात मिळणारा पाइप कोणत्याच चाचणीला सामोरा गेलेला नसतो. तो फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पाइप वाकवून, जोडून, मुलामा देऊन तयार होतो. बनवणारा कारागीर वेल्डिंगमध्ये कितीही तरबेज असला, तरी पाइप डोक्यावर आदळल्यावर काय होते हे तपासण्याचे साधन त्याच्याकडे नाही.

आता गाडीतल्या माणसांकडे वळतो, कारण गार्ड त्यांच्यासाठीच तर बसवलेला असतो. समोरासमोरच्या धडकेत मोटारीचा पुढचा भाग ठरलेल्या क्रमाने चुरगळतो आणि आतल्या माणसांना थांबायला काही सेंटीमीटर अधिक मिळवून देतो. गाडीचा वेग कसा आणि किती झपाट्याने घटतो आहे यावरून एअरबॅगचा संगणक काही सहस्रांश सेकंदांत निर्णय घेतो. पुढे चासीला आवळलेला पाइप आला, की धक्का चुरगळणाऱ्या भागांना टाळून सरळ चासीत शिरतो आणि वेग घटण्याच्या ज्या क्रमावर एअरबॅगचे गणित बसवलेले असते तो क्रमच बदलतो. मग एअरबॅग उशिरा उघडू शकते, किंवा एरवी जिची गरज नव्हती अशा धक्क्याला उघडू शकते. उशिरा उघडलेली एअरबॅग म्हणजे आधीच पुढे झुकलेल्या चेहऱ्यावर बसणारा फटका. वाहन उत्पादक मालकाच्या पुस्तिकेत पुढच्या भागात असे फेरफार करू नका असे बजावतात, ते याचसाठी. राहता राहिला ओरखड्यांचा प्रश्न. बंपरचे प्लास्टिकचे आवरण रंगवता येते, बदलता येते, आणि त्याचा खर्च विम्यातून मिळू शकतो. उलट पार्किंगमध्ये पाइपला बसलेला धक्का ब्रॅकेटमधून चासीपर्यंत पोचला, तर ते काम बंपरपेक्षा कितीतरी खर्चिक होते. रानडुकराच्या बाबतीत आबांना मी एवढेच सांगितले, की पहाटेच्या अंधारात वेग ५० च्या आत ठेवणे हे कोणत्याही पाइपपेक्षा खात्रीचे आहे.

देशातल्या रस्त्यांवर मरतो कोण, हे एकदा आकड्यांत पाहावे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती आणि ७४,८९७ दुचाकीवरची. म्हणजे दर १०० मृतांमागे ६४ माणसे अशी होती, ज्यांच्या अंगाभोवती पत्रा नव्हता. गार्डचा पाइप दुचाकीस्वाराच्या मांडी-गुडघ्याच्या उंचीवरच असतो, हे इथे नमूद केले पाहिजे. बाजूने धडक बसली, तर दुचाकीची टाकी आणि समोरचा पाइप यांच्यात त्याचा पाय सापडतो.

सांगलीच्या भोवतालच्या रस्त्यांवर तर उघड्या अंगाने वावरणाऱ्या माणसांची संख्या मोठी आहे. गळीत हंगाम सुरू झाला, की मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या खोपी रस्त्यालगतच्या माळावर उभ्या राहतात. ती बायामाणसे पहाटे अंधारात कोयता घेऊन फडाकडे चालू लागतात, त्यांची लहान मुले दिवसभर रस्त्याच्या कडेला खेळतात, उसाने भरलेल्या बैलगाड्या कारखान्याच्या वाटेवर एकामागून एक लागलेल्या असतात. आषाढी-कार्तिकीला मिरज-पंढरपूर रस्त्यावरून दिंड्या जातात. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोल्याजवळ जुनोनी इथे कार्तिकीला निघालेल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या दिंडीत संध्याकाळच्या वेळी मोटार घुसून सात वारकरी गेले. त्या अपघाताचा संबंध मी गार्डशी जोडत नाही. सांगायचे आहे ते असे, की आपल्याकडे महामार्ग हा मोटारींचा तसाच चालणाऱ्यांचाही रस्ता आहे, त्याला बहुतेक ठिकाणी पदपथ नाही, आणि ज्याच्याजवळ दुसरे साधन नाही तोच त्यावरून चालतो. कमरेचे हाड मोडलेला नोकरदार रजा टाकतो. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या मजुराच्या घरी तेच हाड मोडले, तर कोयता, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी, मोडतो आणि उचल अंगावर राहते.

दिव्यांचा प्रश्न मला गार्डइतकाच गंभीर वाटतो, आणि बहुधा दिवे गार्डवरच बसवलेले असतात. पांढऱ्याशुभ्र एलईडीच्या पट्टीने आपल्याला लांबपर्यंत दिसते हे खरे. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही क्षण नुसता पांढरा पडदा राहतो. ताशी ६० च्या वेगाने तीन सेकंदांत गाडी ५० मीटर पुढे जाते, म्हणजे ५० मीटरचा रस्ता चालकाने न पाहताच कापलेला असतो. यात सर्वांत आधी नाहीसा होतो तो दोन गाड्यांच्या मधला, कडेने चालणारा माणूस. दोन्ही बाजूंनी प्रखर उजेड असताना तो अधिक दिसायला हवा असे वाटते, पण घडते उलटे. दोन्ही चालक दिपलेले असतात आणि गडद घोंगडी पांघरलेला माणूस काळ्या डांबराशी एकरूप होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ क्रमांकाचा नियम याबाबत फार नेमका आहे: दिव्याचा झोत कायमचा खाली वळवलेला असावा, इतका, की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. ही तपासणी कोणालाही अंगणात करता येते. घरातल्या कोणाला तरी चालकाच्या जागी बसवून दिवे लावायला सांगावे, आपण आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या अंगाला किंचित बाहेर उभे राहावे, आणि गाडीकडे पाहता येते का ते बघावे. एलईडीची पट्टी लावलेल्या गाडीपुढे मी असा उभा राहिलो तेव्हा मला मान फिरवावी लागली. उसाच्या ट्रॅक्टरवर पुढे जे चार-चार जादा दिवे लावले जातात, त्यांच्या चालकांनाही मला हीच तपासणी सुचवायची आहे; दोन ट्रॉल्यांचे ओझे घेऊन खड्ड्यांतून वाट काढायला त्यांना उजेड हवा असतो हे मी समजू शकतो, पण तो खाली, रस्त्यावर पडला तरच त्यांच्याही कामाचा.

बॉनेटवरच्या झेंड्याच्या दांड्या, धातूची टोकदार चिन्हे, जाळीवर बसवलेली शोभेची अक्षरे हा त्यामानाने लहान विषय आहे. वाहनाच्या बाहेरच्या अंगावर टोकदार, ताठ असे काही उभे नसावे, हे तत्त्व जगभर मानले जाते. मर्सिडीजच्या बॉनेटवरची चांदणीसुद्धा हाताने ढकलली तर आडवी होते, कारण ती स्प्रिंगवर बसवलेली असते. आपल्याकडची पोलादी दांडी आडवी होत नाही. दुचाकीच्या लेगगार्डचा मात्र या सगळ्याशी संबंध जोडू नये. गाडी आडवी पडली तर चालकाचा स्वतःचा पाय खाली चिरडू नये, यासाठी ती वस्तू असते.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवून वाहनांवर बसवलेले क्रॅश गार्ड आणि बुलबार हे पादचाऱ्यांच्या तसेच आतल्या प्रवाशांच्या सुरक्षिततेला धोकादायक असल्याचे कळवले आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग म्हणून कारवाई करण्यास सांगितले. नोंदणीच्या वेळी असलेले उत्पादकाचे मूळ तपशील मालकाला परस्पर बदलता येत नाहीत, असे हे कलम सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार असा बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

इतके सगळे असूनही एमएच-१० च्या कितीतरी गाड्या गार्ड मिरवत फिरतात, आणि त्यांतल्या पुष्कळ गाड्यांवर कोणत्या ना कोणत्या पदाची पाटी असते. चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाने अशी गाडी अडवावी, अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे, असे माझे मत आहे. हा प्रश्न दुकानातच सुटायला हवा. एका विक्रेत्याने तर माझ्यादेखत ग्राहकाला “कंपनीचाच आहे, पासिंगला काही अडचण येत नाही” असे सांगून गार्ड नव्या गाडीच्या बिलात धरला. ग्राहक बिचारा विश्वासाने हो म्हणाला. गाडी ताब्यात देताना गार्ड आणि जादा दिव्यांविषयीचा नियम विक्रेत्याने छापील कागदावर लिहून द्यावा आणि त्यावर ग्राहकाची सही घ्यावी, एवढी सक्ती परिवहन विभागाने केली, तरी निम्मे काम होईल असे मला वाटते. ज्यांना गाडीच्या पुढच्या बाजूला काही लावायचेच आहे, त्यांनी पार्किंगमधल्या ओरखड्यांसाठी बंपरच्या कोपऱ्यांना चिकटवायच्या रबरी पट्ट्या घ्याव्यात. त्या स्वस्त असतात आणि कोणाला इजा करत नाहीत.

आबांनी गार्ड अजून काढलेला नाही, पण वरचा पाइप काढता येतो का, असे त्यांनी मला विचारले. नुसता वरचा पाइप काढून भागत नाही, कारण खालचे ब्रॅकेट चासीलाच धरून असतात आणि गुडघ्याशी गाठ त्यांचीच पडते. गार्ड पूर्ण काढायचा असेल, तर काम फार मोठे नाही: खालून बोल्ट सोडवावे लागतात, चासीवर कुठे भोक पाडलेले असेल तर त्यावर गंजरोधक रंग देऊन ते बंद करावे लागते, बंपरचे आवरण ब्रॅकेटसाठी कापलेले असेल तर तेवढा भाग बदलावा लागतो. जादा दिव्यांची वायरिंग मूळ वायर सोलून जोडलेली असेल, तर ती उघडी सोडू नये, सांधा नीट बंद करून घ्यावा. त्यानंतर गाडी एकदा अधिकृत सेवा केंद्रात नेऊन पुढच्या एअरबॅग सेन्सरची तपासणी आणि हेडलाइटच्या झोताची उंची दोन्ही करून घ्यावीत. आबांची गाडी दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला जायची आहे. त्याच वेळी हेही काम उरकता येईल, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.